दोघींचा कोरम

२१ जानेवारी २०२४

सुवर्णा,

हे पत्र तुला मिळणार नाही, कारण मी ते टाकणारच नाही. पोस्टात टाकलं आणि त्यात टाउनच्या कामाबद्दल एक ओळ जरी निघाली, की ते पब्लिक रेकॉर्ड. उद्या वेनफोर्डमधला कुणीही उठून टाउन हॉलच्या खिडकीवर अर्ज करेल आणि आपल्या क्लार्कला, त्या बिचाऱ्या डोरीनला, त्याची कॉपी काढून द्यावी लागेल. मराठीत लिहिलं म्हणून सुटका नाही. आणि माझं तुला माहीत आहे, मी वांग्याच्या भाजीपासून सुरुवात केली तरी तिसऱ्या वाक्यात तुंबलेल्या गटारावर येते.

तर लिहून घरातच ठेवते. चालायला तू नाहीस, पण तोंड कुठेतरी चालायला पाहिजे ना.

परवा टाउनच्या वकिलाने आपल्याला समजावलं तेव्हा तू टेबलाकडे बघत होतीस. मी त्याच्या टायकडे. गावचा कारभार बघणारं कमिशन तिघांचं. तू, मी आणि वॉल्टर. तिघांत दोघी म्हणजे कोरम, गणपूर्ती झाली. दोघी मिळून कामाबद्दल बोललो की ती झाली मीटिंग, आणि मीटिंग म्हटली की आधी नोटीस लावा, दार उघडं ठेवा, लोकांना बसायला खुर्च्या मांडा. तळ्याभोवती खुर्च्या कुठे मांडणार? घरगुती बोलायला कायद्याची हरकत नाही, म्हणाला. पण तक्रार आलेली आहे, तेव्हा एकत्र न दिसलेलं बरं.

तक्रार करणाऱ्याला मी नावानिशी ओळखते. माइकवर काय म्हणाला, तर ह्या दोघी रोज संध्याकाळी तळ्याभोवती फिरतात आणि त्यांच्या भाषेत सगळं ठरवून टाकतात. तुझ्या सासूबाई उन्हाळ्यात इकडे येणार का, आणि आल्या तर परत कधी जाणार, एवढं आपण ठरवत होतो. तेही कधी धड ठरलं नाही.

सगळ्यात कडू गोष्ट ही, की तुला निवडणुकीला उभं कुणी केलं? मीच. पहिली चार वर्षं त्या टेबलाशी एकटी बसले. जुना कमिशनर फ्लोरिडाला गेला आणि जागा मोकळी झाली, तशी मी तुझ्या मागे हात धुऊन लागले. शेजारी आपलं एक माणूस असावं म्हणून. आता तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतेस, आणि सगळ्या गावात तुझ्याशीच तेवढं बोलायचं नाही. ह्याला म्हणतात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. तोही निवडून आणून.

मुदत चार वर्षांची आहे. बघू.

मित्रा


१४ एप्रिल २०२४

सुवर्णा,

आज जयंती. सकाळी नागपूरला फोन केला तर ईश्वरदादाच्या मागे बँड इतका वाजत होता, की तो काय बोलतोय ते कळेना. दरवेळी एकच विचारतो, "महापौरबाई, गाडीवर दिवा लागला का?" त्याला वाटतं माझ्या दारात माणसांची रांग असते. म्हटलं, दादा, माझी गाडी मीच धुते, आणि दारात आली तर खार येते. तो हसला. पुढचं मी काही सांगितलं नाही.

मी पांढरी साडी नेसले, फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. खीर केली. दरवर्षी अर्धी खीर तुझ्याकडे जाते. यंदा डबा भरला आणि परत पातेल्यात ओतला.

लोकल पेपरची एक मुलगी आली होती मुलाखतीला. मला म्हणाली, राजकारणात कशा आलात? मी म्हटलं, सेवेची आवड. सगळे म्हणतात तेच. तिने लिहून घेतलं.

खरं तुलाच माहीत आहे. प्रफुल्लला डॉक्टरने सांगितलं, रोज चाला. आमच्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. गाड्या अंगाला घासून जायच्या. म्हणून मी नवऱ्याच्या चालण्यासाठी टाउन हॉलला जायला लागले. माइकपुढे नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, तीन मिनिटं बोलायचं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा, बसा खाली. दर महिन्याला गेले. लोक म्हणायचे, आली फुटपाथवाली. मग पार्क कमिटीत घेतलं, बहुतेक माझी कटकट थांबावी म्हणून. मग निवडणूक. मेयर कमिशनच्या तिघांतूनच निवडतात, आणि मी तर अशी झाले, की उरलेल्या दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. तिसरी मी.

फुटपाथ झाला तोवर प्रफुल्ल नव्हता. पहिल्या दिवशी मी त्यावर पाऊल टाकायला तयार नव्हते. तू आलीस, म्हणालीस, "चल गं, सिमेंट वाळलंय." आणि हाताला धरून तळ्यापर्यंत नेलंस. तेव्हापासून आपलं चालणं.

आता तू सकाळी चालतेस असं ऐकते. मी संध्याकाळी. गावात सगळे हात करतात, "हाय मेयर" म्हणतात. गेल्या आठवड्यात मेयर म्हणून दोन लग्नं लावली टाउन हॉलात, दोन्हींच्या फोटोत मी मधोमध. घरी आले आणि लक्षात आलं, की मला मित्रा म्हणणारी माणसं दोनच होती. एक गेला, आणि दुसरी मला मॅडम मेयर म्हणते.

मित्रा


१२ जून २०२४

सुवर्णा,

कालच्या मीटिंगचं लिहिलंच पाहिजे, नाहीतर झोप यायची नाही.

शुक्रवारी अजेंडा हातात आला. तळ्यात एक दिवस गणपतीविसर्जनाला परवानगी, शाडूच्या मूर्ती, प्रस्ताव तुझा. वाचून मला बरं वाटलं. मी गणपती बसवत नाही, वंदावा असं मला शिकवलेलं नाही, हे तुला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. तू काय म्हणालीस? "मग आरतीला उभी राहू नकोस, आत मोदक वळायला बस." तेव्हापासून तुझ्याकडचे मोदक मी वळते. माझ्या कळ्या तुझ्यापेक्षा सुबक येतात, हे राजेशसुद्धा, तुझा नवरा असून, मान्य करतो. तेव्हा माझा हात वर जाणार होता. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

सोमवारी इंजिनिअरचा फोन आला. पब्लिक वर्क्सचं खातं माझ्याकडे, म्हणून पहिला मला. तळ्याच्या बांधाला आतून भेगा आहेत. ऑगस्टअखेर तळं उपसायचं, सप्टेंबरभर कोरडं ठेवायचं. लेखी अहवाल यायला अजून वेळ होता.

मी फोनमध्ये तुझं नाव काढलं. चालताना सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. अगं, सप्टेंबरला पाणीच नाहीये, पुढच्या वर्षीचा प्रस्ताव आण. वकिलाला विचारलं, एवढं सांगू का तिला? म्हणाला, टेबलावर सांगा. नियम म्हणजे नियम. मी फोन ठेवला.

आणि काल तू मराठी मंडळाची सगळी माणसं घेऊन आलीस. बायका पैठण्या नेसून आलेल्या. टाउन हॉलमध्ये इतके मराठी चेहरे मी पहिल्यांदा बघितले. तू किती छान बोललीस. मला तर तुझा अभिमान वाटत होता, आणि हातात ती बातमी.

मी सांगितलं, सप्टेंबरमध्ये तळ्यात पाणी नसेल. मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "बरी वेळ साधली बाईंनी." हसले लोक. वॉल्टरने नाही म्हटलं, मी नाही म्हटलं, तू हो म्हणालीस. पाडला आम्ही तुझा प्रस्ताव.

नंतर पार्किंग लॉटमध्ये मी तुझ्याकडे येत होते. कायदा गेला खड्ड्यात म्हणत येत होते. तू मंडळाच्या कांचनजवळ उभी होतीस, आणखी चार-पाच जणी होत्या. तू वळलीस आणि बोललीस.

ते मी इथे लिहीत नाही.

मित्रा


१७ सप्टेंबर २०२४

सुवर्णा,

आज अनंत चतुर्दशी. तळं रिकामं आहे.

एवढी वर्षं आपण त्याच्या काठाने फिरलो आणि आत काय आहे ते आता दिसतंय. टायर, एक सायकल, सुपरमार्केटची ट्रॉली. ती कॅनडा गीज, जंगली बदकंच ती, चिखलात उभी राहून माझ्याकडे बघतात, जसं काही पाणी मीच प्यायले. तुमचं विसर्जन मागच्या अंगणात टबात झालं म्हणे. आमच्या उपासनाने फोटो पाठवला, तिला कुणीतरी पाठवलेला. फोटोत तू मागे उभी आहेस, हसत नाहीस. वाळली आहेस.

उपासना बेलव्ह्यूहून फोन करते तेव्हा इंग्लिशमध्येच विचारते, सुवर्णामावशी कशी आहे? मी म्हणते, फाइन. बोलता का तुम्ही? अगं, कायद्याने बोलता येत नाही. तिला ते फार मजेशीर वाटतं. ती ऑफिसात सांगते, माझ्या आईला तिच्या बेस्ट फ्रेंडशी बोलायला कायद्याने बंदी आहे.

मीही तेच सांगत सुटलेय सगळ्यांना. सोयीचं आहे. माफी मागायला आणि भांडायला कायद्याने कुठे बंदी केलीय?

आज तुझी गाडी पलीकडच्या काठाला थांबलेली बघितली. मी बांधावर कंत्राटदाराबरोबर उभी होते, डोक्यावर ते पिवळं हेल्मेट. तू काच खाली केलीस. बराच वेळ त्या चिखलाकडे बघत बसलीस. मला वाटलं, उतरते. मी हेल्मेट काढून हातात घेतलं. तू काच वर करून निघून गेलीस.

आता लिहिते. पत्र माझंच, वाचणारी मीच, कुणाला भ्यायचं?

तू म्हणालीस, "शेवटी तुम्ही लोक ते तुम्ही लोकच. आमचं काही चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही."

कांचन म्हणाली असती तर मला काही वाटलं नसतं. तसलं ऐकायची सवय शाळेपासून आहे, कातडी जाड झाली आहे. पण तू मला इतकी वर्षं अगं-तुगं करतेस. माझ्या 'काहून'ची नक्कल करतेस. प्रफुल्ल गेला तेव्हा माझ्या घरी जमिनीवर झोपली होतीस. आणि एका वाक्यात मी 'तू'ची 'तुम्ही लोक' झाले. मग मी विचार करत बसते, की हे तुझ्यात तेव्हापासून होतं का? मोदक वळताना होतं? माझी खीर खाताना होतं?

तळं उपसल्याशिवाय दिसत नाही आत काय आहे ते. हे वाक्य मला सुचलं आणि मलाच आवडलं नाही. तसंच ठेवते.

राग आलाय मला. अजून आहे. आणि रोज संध्याकाळी बूट घालताना तुझी आठवण येते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा असतात, ते कुणाला विचारू?

मित्रा


१३ नोव्हेंबर २०२४

सुवर्णा,

काल तुझा राजीनामा मीच मोठ्याने वाचला. मेयरनेच वाचायचा असतो. "वैयक्तिक कारणांमुळे." तू आलीच नव्हतीस. शेजारची खुर्ची रिकामी, पुढ्यात तुझ्या नावाची पाटी तशीच. डोरीनने मीटिंग संपल्यावर ती उचलली आणि मला विचारलं, त्यांना पाठवू का? मी म्हटलं, पाठव.

तेव्हापासून डोकं चालत नाही. तब्येत बरी नाही का? राजेशची नोकरी? पुण्याला निघालात का कायमचे? फोटोत वाळलेली दिसत होतीस ते काय होतं?

आता नवीन माणूस नेमेपर्यंत कमिशनवर मी आणि वॉल्टर, दोघंच. आम्ही दोघं कॉफी मशीनशी उभे राहिलो तरी कोरम. काल तो माझ्या आधी कॉफी घ्यायला गेला, तर मी बाहेर थांबले. बाहेर येऊन म्हणाला, तुमची पाळी. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, घरी एकटाच. आज वाटलं, ह्या माणसाशी मी कधी नीट बोललेच नाही.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की तू आता साधी नागरिक. तुला फोन करायला, भेटायला, तळ्याभोवती हजार चकरा मारायला कायद्याची काडीची हरकत नाही. ही सगळी पत्रं आज टाकता येतील.

टाकत नाही. आजवर कायद्याच्या मागे लपत होते, आज तोही बाजूला झाला. आता हरकत माझी आहे. मी का फोन करू? बोललीस तू. आणि तुझं काही बरंवाईट असेल, आणि मी असाच हट्ट धरून बसले, तर?

दिवसभर फोन समोर ठेवून काम केलं. नोकरीतल्या मीटिंगमध्ये दोनदा कुणीतरी विचारलं, संघमित्रा, आर यू देअर? होते ना. इथेच होते.

मित्रा


११ डिसेंबर २०२४

सुवर्णा,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण टेबलाच्या माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

पब्लिक कमेंटला, लोकांच्या त्या तीन मिनिटांना, तू उठलीस तेव्हा मी कागद चाळत होते. माइकवर ऐकलं, "सुवर्णा गोखले, अठरा पॉण्ड लेन." मान वर केली. तू तुझा तो जुना राखाडी कोट घातला होतास, चालायला घालायचीस तो. डोरीनने हिरवा दिवा लावला. तू विचारलंस, मी माझ्या भाषेत बोलले तर चालेल का? वॉल्टर माझ्याकडे बघायला लागला. नियमात भाषेबद्दल काहीच नाही. मी म्हटलं, बोला.

आणि तू म्हणालीस, "मित्रा."

पुढचं मला तोंडपाठ आहे. तू म्हणालीस, "जूनमध्ये बाहेर पार्किंगमध्ये मी तुला तुम्ही लोक म्हणाले. चारचौघांत म्हणाले, म्हणून चारचौघांत परत घ्यायला आलेय. सप्टेंबरमध्ये रिकामं तळं बघितलं, तेव्हा कळलं तू खरं बोलत होतीस. पण मी त्याची माफी मागत नाहीये. तळं काठोकाठ भरलेलं असतं आणि तरी तू नाही म्हणाली असतीस, तरी मला ते बोलायचा हक्क नव्हता. माझ्या तोंडात ते इतकं तयार होतं, ह्याचीच मला लाज वाटते. त्या खुर्चीवर तुझ्या शेजारी बसून ते गिळून टाकणं मला जमेना. म्हणून खुर्ची सोडली."

पिवळा दिवा लागला. तू तो बघितलास आणि घाईघाईने म्हणालीस, "मी उद्यापासून चारला तळ्यावर असेन, अंधार लवकर पडतो म्हणून चारला. तू आली नाहीस तरी असेन."

लाल दिवा.

मेयरने पब्लिक कमेंटला उत्तर द्यायचं नसतं. हा नियम मी कितीतरी लोकांना सुनावला आहे. काल त्या नियमाचे उपकार झाले.

पण डोरीन आपल्या कामाला पक्की. म्हणाली, मेयर, मिनिट्समध्ये काय लिहू? काय म्हणाल्या त्या?

मी म्हटलं, तळ्याबद्दल बोलल्या.

इतकं सरळ खोटं मी त्या टेबलावर कधी बोलले नव्हते. तू खुर्चीपर्यंत पोचली होतीस. तिथूनच वळलीस आणि इंग्लिशमध्ये म्हणालीस, मी एवढंच नाही बोलले.

मग मला सांगावं लागलं. ह्या बाई म्हणतात, की त्यांनी एकदा माझ्या जातीवरून मला बोल लावला. आणि तो त्या सगळ्यांसमोर परत घेताहेत. डोरीनची बोटं थांबली. जात म्हणजे काय, ते समजावणार का, असं तिने विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, तू मधे मधे मान हलवत होतीस. आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, दादाला नाही, पोटच्या मुलीला नाही. आणि सांगितलं ते कुठे, तर माइकवर, सव्वीस खुर्च्या आणि निम्म्या रिकाम्या अशा हॉलमध्ये, इंग्लिशमध्ये. मला वाटलं होतं मी मरून जाईन. नाही मेले. उलट पाठीला टेकून बसता आलं.

वॉल्टरने चश्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाला, पुढचा विषय, पानं गोळा करणाऱ्या ट्रकचं वेळापत्रक.

सुवर्णा, माफ केलं असं मी लिहीत नाही. खोटं लिहिणार नाही. ते कधी होईल, होईल की नाही, मला माहीत नाही. मधेच एखाद्या चकरेला मला तुझा भयंकर राग येईल आणि मी बोलायची बंद होईन, तेव्हा तू आपली मुकाट चालत राहायचं. आणि मला तुला विचारायचंही आहे, ते तुझ्या तोंडात कुठून आलं, कुणी ठेवलं. सगळं विचारणार आहे.

आज साडेतीनला ऑफिसचं काम बंद केलं. ही पाचही पत्रं पिशवीत घातली आहेत, हे सहावं. पोस्टात टाकत नाही, हातात देते. वाच, नाहीतर वाचू नकोस, आता ती सरकारी नाहीत. डब्यात खीर आहे. एप्रिलमधली नाही, घाबरू नकोस.

बूट घालून आली असशील तर बरं. बांधावर अजून चिखल आहे.

मित्रा